मुल्लासाहेबांनी लपवलेली एक गोष्ट

मुल्लासाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या ऑफिसात होते. फोनवर त्यांचा मुलगा इम्तियाज होता. "बाई, अब्बांची तब्येत जरा जास्त आहे, जमलं तर आजच येऊन जा," असं तो म्हणाला. आवाज अगदी स्थिर, एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. पण त्याच्या मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी मोठ्यानं खुर्च्या कुठं मांडायच्या ते विचारत होतं. मी म्हटलं, "इम्तियाज, साहेब आहेत ना?" तेव्हा म्हणाला, "नाहीत. सकाळी गेले."

त्याला दोष देत नाही. अशी बातमी हळूहळू द्यायची असते असं आपण सगळेच मानतो. पण ज्या माणसाची ती बातमी होती त्यानं ती अशी दिली नसती. उरणच्या एसटीत बसल्यावर माझ्या मनात तेच घोळत राहिलं. जासईच्या आसपास कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती, गाडी पुढं सरकेना. उरणजवळ मोऱ्याला, त्यांच्या घरी, पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. अंगणात नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, हमीदाभाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

यासीन मुल्ला हे नाव वाचकांपैकी कोणाला माहीत असायचं कारण नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मलमांच्या आणि टूथपेस्टच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबा बनवणारा एक कारखाना होता. तिथं ते पर्सोनेल ऑफिसर होते आणि मी त्यांची स्टेनो. माणूस उंच, किंचित वाकलेला, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. घर मोऱ्याचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. वडील मुंबईला जाणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडायचे. साहेब उरणच्या शाळेत मराठी माध्यमात शिकले आणि पुढं मुंबईत कॉलेज करताना रोज लाँचनंच जाऊन येऊन करायचे. मराठी अगदी स्वच्छ बोलायचे, पण घरच्या माणसांशी बोलताना एकदम मोऱ्याची बोली सुरू व्हायची, आणि मग ते वेगळेच कोणीतरी वाटायचे, वयानं लहान.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी साताऱ्याहून लग्न होऊन नुकतीच कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आले होते. सासरे मार्केटात माथाडी, घरात माणसं भरपूर, आणि मला नोकरी हवीच होती. साहेबांनी आधी मला प्रश्न विचारलेच नाहीत. म्हणाले, इथं पगार शेजारच्या कंपनीपेक्षा कमी आहे. बस आहे, पण वेळेवर येईल याची खात्री नाही. वर्क्स मॅनेजर ओरडतात, मनात काही नसतं पण ओरडतात. काम मात्र शिकायला मिळेल. हे सगळं ऐकून यायचं असेल तर पुढं बोलू. मी म्हटलं, यायचंय. मग त्यांनी मला टायपिंगला बसवलं.

त्या दिवशी माझ्या आधी एक मुलगी येऊन गेली होती. तिला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमचं शॉर्टहँड अजून कच्चं आहे, म्हणून मी तुम्हाला घेत नाहीये. ती बाहेर येऊन बाकावर रडत होती. मला वाटलं, काय दुष्ट माणूस आहे... "कळवतो" म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? नंतर एकदा मी त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, कळवतो म्हटलं असतं तर ती महिनाभर पोस्टमनची वाट बघत बसली असती, दुसरीकडे गेली नसती. ती मुलगी वर्षभरानं परत आली आणि आमच्याकडेच अकाउंट्समध्ये लागली. पण सगळ्यांचंच असं गोड झालं असं नाही. आमच्या स्टोअरकीपरच्या मुलाला अप्रेंटिस म्हणून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि का ते बापाला सांगितलं. त्या माणसानं पुढं कधी त्यांच्याशी शब्द उच्चारला नाही. रोज समोरून जायचा, मान वळवून. साहेबांना त्याचं वाईट वाटायचं. पण आपण दुसरं काही सांगायला हवं होतं असं त्यांना कधी वाटलं नाही.

एक दिवस मी विसरू शकत नाही. प्रेसवर काम करणाऱ्या बबनचा हात मशीनमध्ये सापडला. त्याला वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. वर्क्स मॅनेजर म्हणाले, त्याच्या बायकोला सांगा किरकोळ लागलंय, बाकी डॉक्टर सांगतील. साहेब नुसतं ऐकून निघाले. बाई घरात एकटी असेल म्हणून मला बरोबर घेतलं आणि कंपनीची जीप काढली. बबनची बायको, सुलभा, चुलीपाशी होती, म्हणजे गॅसच, पण तिनं तो खालीच मांडला होता. कडेवर मूल. साहेब दारातच थांबले, आत गेले नाहीत, आणि म्हणाले, "बबनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती परत बसणार नाहीत. जिवाला धोका नाही. तो शुद्धीवर आहे, तुम्हाला बोलावतोय. गाडी बाहेर उभी आहे."

तिनं गॅस बंद केला, मूल शेजारणीकडे दिलं आणि पदर खोचून जीपमध्ये येऊन बसली. अर्ध्या रस्त्यात तिनं विचारलं, कोणती बोटं? साहेबांनी आपला हात पुढं करून दाखवली. मग ती रडली, हॉस्पिटल येईस्तोवर रडली. उतरताना तोंड पुसलं आणि आत गेली. मी तिच्या मागेच होते. नवऱ्याच्या खाटेशी उभी राहून ती त्याला म्हणाली, चहा घेतला का काही? बरेच दिवसांनी ती मला भेटली तेव्हा म्हणाली, "त्या साहेबांनी सांगितलं म्हणून मला रस्त्यात रडून घेता आलं बाई. यांच्यासमोर नाही रडले मी."

असं होतं त्यांचं. नोटीस काढायची तर मराठीत, चार ओळींत, आणि पाळी सुटताना गेटवर उभं राहून स्वतः वाचून दाखवायची. युनियनचे सदाशिव कदम कोरेगावकडचे, मोठ्या आवाजाचे. त्या दोघांची भांडणं मी कित्येकदा दाराबाहेर बसून ऐकली. टेबलावर हात आपटायचे कदम. पण भांडण संपवून बाहेर आले की माणसांना म्हणायचे, मुल्ला नाही म्हणाला म्हणजे नाही, आता त्यात वेळ घालवू नका. त्यांच्या 'नाही'वर लोक विसंबून राहायचे. त्यामुळे 'हो'वरही राहायचे.

मग दिवस बदलले. मालकांनी कारखान्यातला मोठा हिस्सा विकला, नवे लोक आले. सगळे तरुण, सगळे नीटनेटके, आवाज कोणाचाही चढत नसे. वर्क्स मॅनेजर ओरडायचे ते बंद झालं. आधी ओरडणं बंद झालं आणि मग ते स्वतःच दिसेनासे झाले. आमच्या दारावरची 'कर्मचारी विभाग' ही पाटी गेली आणि इंग्रजीत 'ह्यूमन रिसोर्सेस' आलं. साहेबांचं पदही बदललं, कार्डं छापून आली. फोन आला की काय बोलायचं याच्या सूचना मला आल्या. माल तयार नसेल तर 'तयार नाही' म्हणायचं नाही, 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणायचं. कोणाला भेटायचं नसेल तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' तक्रारीला तक्रार म्हणायचं नाही. 'फीडबॅक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा ऐकला. साहेबांनी त्या सूचना वाचल्या आणि मला म्हणाले, तुमच्या टेबलावर तुम्ही ठरवा, माझा फोन असला तर मी आहे म्हणून सांगत जा.

वाशीच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, संवादकौशल्याचं. मला टिपणं घ्यायला नेलं होतं. शिकवणारे गृहस्थ फार गोड होते. त्यांनी एक खेळ मांडला. एकानं साहेब व्हायचं, एकानं कामगार, आणि साहेबानं कामगाराला काढून टाकल्याचं सांगायचं. प्रत्येकजण उठून दहा मिनिटं बोलत होता, बाजारातली स्पर्धा, कंपनीची वाटचाल, तुझ्यातले गुण. समोर कामगार बनलेला माणूस बिचारा हसतच खाली बसायचा, आपल्याला काढलंय हे त्याला कळायचंच नाही. मुल्लासाहेबांची पाळी आली. ते उठले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुला काम नाही. यात तुझी चूक नाही. बस, पाणी घे." हॉलमध्ये हशा पिकला. शिकवणाऱ्यांनी समजावून सांगितलं की यात सकारात्मकता नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. परत येताना खाडीपुलाकडे बघत ते म्हणाले, त्या सगळ्यांनी एकदा तरी खरंच कोणाला तरी काढलं असतं तर हसले नसते.

ॲल्युमिनियमच्या ट्यूबा मागं पडत चालल्या होत्या, प्लास्टिकच्या येत होत्या. हे आम्हालाही दिसत होतं. पण कारखाना चालेल, नवी मशिनं येतील, असं वरून सांगितलं जात होतं. एके दिवशी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक मजकूर दिला. त्यात होतं की प्रेसची मशिनं देखभालीसाठी टप्प्याटप्प्यानं बाहेर पाठवली जातील, कामगारांनी सहकार्य करावं. मराठी करून सहीनिशी बोर्डावर लावायचा होता. साहेबांनी विचारलं, देखभालीसाठी कुठं? तेव्हा कळलं की मशिनं राज्याबाहेर चालली आहेत आणि परत यायची नाहीत. दिवाळी झाली की इथला कारखाना बंद. कामगारांना कधी सांगणार, असं विचारल्यावर उत्तर आलं की योग्य वेळी, योग्य शब्दांत. आधी सांगितलं तर माणसं मशिनं हलू देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं.

हे सगळं त्यांनी बाहेर येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. मी टाइपरायटरमध्ये कागद घालून बसले होते. म्हणाले, तो काढून ठेवा, नोटीस लागणार नाही. मग खिडकीशी उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमचा इम्तियाज अजून कॉलेजात आहे. ते म्हणाले, "माहीत आहे. आत बसल्या बसल्या तोच विचार केला. पण शिंदेबाई, माझी सही बघून ही माणसं स्वतःच्या हातानं मशिनं गाडीवर चढवतील."

दुपारच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये गेले. तिथं बोलायला उभं राहायची त्यांची पद्धत नव्हती, त्यामुळे ते उभे राहिल्याबरोबर माणसं गप्प झाली. ते म्हणाले, "सर्व्हिसिंगला म्हणून मशिनं हलवतील, पण ती सर्व्हिसिंगला जात नाहीयेत. कारखाना इथून हलतोय. दिवाळीनंतर इथं काम राहणार नाही. मला एवढंच माहीत आहे. हिशोब काय मिळेल, कधी मिळेल, ते विचारू नका, ते मला माहीत नाही."

कोणी ओरडलं नाही. मी दारात होते. माणसं ताटाकडे बघत होती. काहींनी घास तसाच हातात धरला होता. सदाशिव कदम उठले, मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते खालच्या पट्टीत म्हणाले, "साहेब, आणि तुमचं?" साहेब म्हणाले, "माझंही." कदम जवळ आले, त्यांनी साहेबांना खाली बसवलं आणि एक ताट त्यांच्यापुढं ठेवलं. साहेब जेवले. इतक्या माणसांसमोर, एकेक घास. मला ते बघवेना.

त्यांना संध्याकाळपर्यंतही ठेवलं नाही. त्यांच्यावर रागावलंही कोणी नाही. नवे साहेब लोक अत्यंत सौजन्यानं वागले, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर इंग्रजीत मजकूर लागला की श्री. मुल्ला नव्या संधींच्या शोधात कंपनी सोडून जात आहेत आणि त्यांच्या योगदानाबद्दल कंपनी ऋणी आहे. मी फोनवर त्यांना तो वाचून दाखवला तेव्हा ते हसले. म्हणाले, कोणत्या संधी शोधतोय तेवढं विचारून ठेवा.

इथं गोष्ट संपली असती तर त्यांची सरळ जीत झाली असं मला लिहिता आलं असतं. पण तसं झालं नाही. मशिनं थोडे दिवस अडवली गेली, मग पोलीस बंदोबस्तात गेलीच. ज्यांच्या हातात कसब होतं ती तरुण माणसं आधी निघाली. कोणी रबाळ्याला लागलं, कोणी जासईच्या कंटेनर यार्डात, बबननं भावाबरोबर वडापावची गाडी टाकली. वेळेवर कळलं म्हणून ती सावरली, हे अनेकांनी मला सांगितलं. पण ती गेली आणि युनियनचं बळ निम्मं झालं. मागे राहिल्या त्या पॅकिंगच्या बायका आणि म्हातारी माणसं. शेवटच्या महिन्यात साहेब एकदा गेटवर सगळ्यांना भेटायला आले होते. पॅकिंगच्या शेवंताबाई त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, "तुमी बोलला नसता साहेब, तर पोरं आमच्यासंगं ऱ्हायली असती. आता आमीच उरलो." साहेबांनी मान खाली घातली. बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्यासोबत चालत गेले. बस आली तेव्हा म्हणाले, ती बरोबर बोलली. आणि बसमध्ये चढले.

त्यानंतर त्यांना त्या कामाची नोकरी मिळाली नाही. मुलाखतींना जायचे. आधीची का सोडली असं विचारलं की घडलं ते सांगायचे. समोरचा माणूस समजुतीनं मान हलवायचा आणि "आम्ही कळवतो" म्हणायचा. शेवटी जासईला त्यांच्या मामेभावाचं क्लिअरिंगचं ऑफिस होतं, तिथं बसायला लागले. बंदरात अडकलेला माल सोडवून देण्याचं काम. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, माझा कंटेनर कधी निघणार? शेजारची ऑफिसं सांगायची, आज संध्याकाळी निघतोय, गाडी लागलीच आहे. साहेब सांगायचे, अजून जहाजावरच आहे, चार दिवस तरी लागतील. माल दोघांचाही एकाच दिवशी निघायचा. पण गिऱ्हाईक शेजारी जायचं. मला हे त्यांच्या मामेभावानंच सांगितलं, वैतागून नाही, दुःखानं. "लोकांना आज निघतो असं ऐकायचं असतं हो. नाही निघाला तर उद्या परत ऐकतात. यासीनभाईंना ते जमेना." पुढं त्यांना फोनवरून उठवून कागदपत्रांना बसवलं. मग तेही सुटलं आणि ते मोऱ्याला घरी बसले. संध्याकाळी जेटीवर जायचे. कोणी विचारलं काय करता हल्ली, तर म्हणायचे, काही नाही. आपल्याकडे असं उत्तर कोणी देत नाही. विचारणारा अवघडून जायचा.

गेल्या वर्षाअखेरीस त्यांचं पोट दुखू लागलं. इम्तियाज तोवर एका पेजरच्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागला होता, टाय लावून हिंडायचा, चांगलं चाललं होतं त्याचं. त्यानंच वाशीला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. मला म्हणाला अल्सर आहे. आईलाही तेच सांगितलं, अब्बांनाही तेच. मी दुसऱ्यांदा भेटायला गेले तेव्हा मला अंगणाबाहेर गाठून त्यानं खरं सांगितलं. यकृताचा कॅन्सर, बराच पसरलेला. डॉक्टरांनी इंग्रजीत खूप काही सांगितलं होतं, आपण आशा सोडायची नाही, मन प्रसन्न ठेवायचं, असं. किती दिवस ते मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. मला म्हणाला, बाई, अब्बांना यातलं काही कळता कामा नये. त्याचे डोळे भरले होते.

त्यांची माझी शेवटची भेट त्यांच्या त्या लहानशा खोलीत झाली. पलंग खिडकीला लावला होता. खाडीवरचा वारा येत होता आणि कोळणींचा जेटीवरचा गलबला. इम्तियाज शहाळं आणायला बाहेर गेला, भाभी स्वयंपाकघरात होत्या. साहेबांचे डोळे पिवळे झाले होते, आवाज बारीक. ते म्हणाले, "मला काय झालंय ते तुम्हाला सांगितलंय ना त्यानं?" मी त्यांच्या पायाशी चादर सारखी करू लागले. "सांगू नका. मला माहीत आहे." मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाले, कोणी कशाला सांगायला हवं? डॉक्टर आधी माझ्याशी बोलायचे, एक दिवस ते माझ्याकडे न बघता इम्तियाजशी बोलायला लागले. वाईट बातमी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो, आयुष्यभर तो माझाच चेहरा होता.

मी म्हटलं, मग साहेब, घरात बोलत का नाही तुम्ही? तुम्ही तरी...

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो रोज कामावरून येतो. बाहेरच्या नळावर तोंड धुतो. मला इथून दिसतं. तोंड पुसतो, थोडा उभा राहतो आणि मग हसत आत येतो. मला माहीत आहे म्हटलं, तर उद्या तो आत कसा येईल, शिंदेबाई?" दम लागला म्हणून थांबले. "आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन सांगत आलो. आपल्या दारात सांगणं वेगळं असतं. मला ते माहीतच नव्हतं... मी आहे तोवर राहू दे त्याचं तसंच."

तेवढ्यात इम्तियाज आला. दारातून हसत म्हणाला, अब्बा, शहाळं एकदम गोड आहे, बघा. साहेब म्हणाले, "दे. आज बरं वाटतंय." त्यांना मी खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. आणि ते त्यांना फार सुरेख जमलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. ते गेल्यावर मी दोनदा मोऱ्याला जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तो रविवार होता. भाभींची इद्दत, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, चालू होती, त्या घराबाहेर पडत नव्हत्या. आम्ही साहेबांच्या त्याच खोलीत बसलो. पलंगावर धुतलेली चादर घातली होती. भाभींनी चहा आणला. इम्तियाज जमिनीवर भिंतीशी बसला होता, दाढी वाढलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यानं कपाकडे बघत मला विचारलं, "बाई, अब्बांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

त्यानं प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्यातच होतं. 'नाही रे' एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढं म्हणून मी माझा चहा संपवला असता, तो सुटला असता, मीही सुटले असते. पण साहेबांनी 'मी आहे तोवर' म्हटलं होतं, आणि आता ते नव्हते. मी म्हटलं, "कळलं होतं इम्तियाज. तुझ्याआधी कळलं असेल कदाचित. तुला त्रास होईल म्हणून बोलले नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं रागावेल. त्यानं गुडघ्यात मान घातली. तसाच म्हणाला, "मग आम्ही बोललो असतो ना बाई. दोन महिने होते. मी रोज त्यांना क्रिकेटचा स्कोअर सांगत बसलो."

भाभी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चादरीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मला ठाव होतं."

इम्तियाजनं मान वर केली. काय ठाऊक होतं?

"त्यांना ठाव हाय, ते. पयले म्हनायचे, बरा झालो की माडीचा पत्रा बदलू, बरा झालो की तुला अजमेरला नेतो. मग एक दिवसापासून 'बरा झालो की' म्हनायचंच सोडलं. तवाच मला कळलं, काय ते."

"मग मला का नाही सांगितलंस, अम्मी?"

"तू मला कुठं सांगितलंस?" त्या म्हणाल्या. आवाजात राग अजिबात नव्हता. "तू मला अल्सर सांगितलास. मी अल्सरचं जेवन करत ऱ्हायले."

एवढंसं घर, तीन माणसं, आणि तिघांनाही सगळं माहीत. मी उठायला हवं होतं, पण बसून राहिले. बाहेर लाँचचा भोंगा झाला. मग इम्तियाज सरकत पलंगापाशी आला, आईच्या पायाशी बसला आणि बोलू लागला. सुरुवातीपासून. वाशीला पहिल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, कोणता शब्द वापरला, त्याचा अर्थ त्यानं कोणाला विचारला, हॉस्पिटलच्या जिन्यात तो किती वेळ बसून राहिला, घरी यायच्या आधी जेटीवर जाऊन काय केलं. मध्येच इंग्रजी शब्द आला की भाभी त्याला थांबवायच्या, म्हंजे काय, विचारायच्या, आणि तो मोऱ्याच्या बोलीत सांगायचा.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी हळूच उठले, कप मोरीत ठेवला आणि चपला घातल्या. निघताना वळून बघितलं तेव्हा भाभींचा हात त्याच्या डोक्यावर होता आणि तो अजून सांगतच होता.